धुऱ्याचे पोहे

रुखमाबाई आमच्या गावात सून होऊन आली अन् दोन महिन्यांत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला. हातावरची हळद नीट गेली नव्हती, तर सासूनं तिच्या डोक्यावर पऱ्ह्याचा भारा ठेवला. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. पाण्यातून उपटलेली, त्यातून टपटप पाणी गळून राहिलं होतं. रुखमा होती बारीक, भारा होता जड. मानेवरून पाणी पाठीत अन् पाठीतून लुगड्यात. पुढं सासू, मागं ही.

रुखमाच्या घरच्या दोनच बांध्या, म्हणजे धानाचे दोन तुकडे. गावाच्या वरच्या अंगाले, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाराखाली. जमीन लोण्यासारखी, पण गावातून तिथं जायचं तर केशवरावच्या शेताच्या धुऱ्यावरूनच जावं लागे. दोन शेतांच्या मधात जी मातीची पाळ राहते ना, तोच धुरा. एका अंगाले केशवरावचं शेत, दुसऱ्या अंगाले कुंताबाईचं. दुसरा रस्ता नव्हता. होता म्हणायले नाला होता.

तर त्या दिवशी या दोघी सासूसुना धुऱ्यावरून चालल्या अन् समोरून केशवराव आला. गावातला मोठा कास्तकार. पांढरं धोतर, खांद्यावर फावडा. एवढा मोठा माणूस समोर, धुरा अरुंद, डोक्यावर भारा, आता मागं फिरायचं कसं? तिनं सासूले हळूच म्हटलं, "आत्याबाई, मी खाली उतरू का?"

ती काही उतरे, त्याच्या आधी केशवरावच उतरला. धोतर वर धरलं अन् घुडघाभर चिखलात उभा राहिला. त्याच्याच शेतातल्या चिखलात, बरं का. अन् म्हणे, "चाला वो बाई, चाला. डोक्यावर भार आहे तुमच्या. सूनबाई नवीन दिसते. पाय जमवून टाक, बाई, इथं घसरते."

रुखमाले ते जन्मभर ध्यानात राहिलं. नवऱ्यानं पहिल्या दिवशी का म्हटलं ते ती विसरली, पण तो चिखलात उभा असलेला माणूस नाही विसरली.

त्या वर्षी दसऱ्याच्या आगंमागं लौकर येणारा हलका धान निघाला. सासूनं नवा धान भिजवला, भाजला, पायानं चालवायच्या ढेकीत कुटून पोहे केले. घरात असा घमघमाट सुटला का रुखमाच्या तोंडाले पाणी आलं. तिनं हात पुढं केला तर सासूनं हातावर चापट मारली.

"आधी धुऱ्याचे."

"धुऱ्याचे म्हणजे?"

"ज्याच्या धुऱ्यावर आपला पाय पडते त्याच्या घरी आपले पहिले पोहे. मंग देव, मंग आपण."

मंग बांबूची नवी टोपली, त्यात पोहे, वरून पळसाचं पान. रुखमा ती टोपली घेऊन केशवरावच्या घरी गेली. त्याची बायको शकुनबाई ओसरीवर बसली होती. तिनं पोहे घेतले, अन् टोपली परत देतांनी त्यात पसाभर लाखोरीची डाळ टाकली. म्हणे, "रिकामी टोपली नाही पाठवत आम्ही." कधी लाखोरी, कधी वांगे, एका वर्षी तर मांजरीचं पिल्लू टाकलं, काहून का रुखमाच्या घरी उंदरं लई झाले होते. असं वर्षानुवर्ष चाललं. सासू गेली, रुखमाले लेकरं झाले, पण टोपली चुकली नाही.

अन् एक गोष्ट सांगायची राहिली. पाय इकडून तिकडे जाय, तसं पाणी तिकडून इकडे येय. बोडीचं पाणी पहिले रुखमाच्या बांधीत भरे, मंग धुऱ्याले खाच पाडली का खाली केशवरावच्या शेतात उतरे. रुखमाच्या नवऱ्यानं, परसरामनं, कधी खाच बुजवली नाही. केशवरावनं कधी वाट बुजवली नाही. कोणी कोणाले कागद मागितला नाही.

मंग केशवराव वारला. चौऱ्याहत्तर साल असंन. सारं गाव रडलं. शेती आली भोजराजच्या हातात. भोजराज म्हणजे त्याचा मोठा पोरगा, मॅट्रिक झालेला, हातात घड्याळ, पायात बूट. पोरगा वाईट नव्हता. पण त्याच वक्ती नहर, म्हणजे कालवा, आला. नहराचं पाणी त्याच्या शेतात खालच्या अंगानं चढलं, अन् तो उन्हाळी धान घेऊ लागला. वर्षाले दोन फसली. आता त्याले बोडीच्या पाण्याची गरज नाही. अन् गरज नाही तर रुखमाची तरी काय गरज?

पहिल्या वर्षी त्यानं फावड्यानं धुरा आपल्या अंगानं छाटला. वीतभर. साफ करून राहिलो म्हणे. दुसऱ्या वर्षी आणखी वीतभर. धुरा होता दोन हाताचा, तो राहिला लुगड्याच्या काठाएवढा. त्यावर बगळा चालन, माणूस नाही. अन् शहात्तर साली जेठात, पाणी यायच्या आधी, धुऱ्याच्या तोंडावर बाभळीचे काटे आणून टाकले.

रुखमा सकाळी नांगरणीचं पाहायले निघाली तर समोर काटे. भोजराज तिथंच होता.

"भोजराज, बापू, हे काटे काहून?"

"काकी, लोकं धुरा तुडवते. पाणी फुटते माझं."

"लोकं कुठं गा? मी अन् तुझे काका. अन् काका तर चालते का उडते ते समजत नाही, एवढे वाळले."

भोजराज हासला नाही. खाली पाहून म्हणे, "नाल्यानं जा."

"नाल्यानं? श्रावणात तिथं कमरेएवढं पाणी राहते. पऱ्ह्याचा भारा घेऊन मी पोहत जाऊ?"

"मंग काकी, एक सांगतो. त्या दोन बांध्या मलेच देऊन टाका. तुमच्या कोणत्या कामाच्या? जाताच येत नाही."

तेव्हा रुखमाच्या ध्यानात आलं. काटे धुऱ्यावर नाही टाकले, तिच्या जमिनीवर टाकले. वाट बंद म्हणजे शेत बंद. शेत बंद म्हणजे आज ना उद्या भोजराजच्या दारात उभं राहायचं, बापू, घे आमची जमीन, देशीन तेवढं दे म्हणून.

घरी आली तर परसराम म्हणे, "देऊन टाकू. भांडण कोण करते मोठ्या माणसाशी?" परसराम असा का कुत्रं भुंकलं तरी त्याले माफी मागन.

"तुम्हाले बैलं विकून लोकांच्या घरी ढेकी कुटायची असंन तर द्या," रुखमा म्हणे. "मी नाही देत."

त्या वर्षी रोवणा नाल्यानंच केला. नाला फुगलेला, लाल पाणी. रुखमा एका हातानं झुडुप धरे, एका हातानं भारा. दुसऱ्याच दिवशी पाय घसरला अन् एक भारा गेला वाहून. रुखमा त्याच्या मागं काठाकाठानं धावत सुटली. "थांब रे! थांब रे!" जसं का ते वासरू आहे. कुंताबाई आपल्या बांधीत वाकून रोवत होती. तिनं पाहिलं अन् पहिले खदखदून हासली, मंग तोंडावर पदर घेऊन रडली.

कुंताबाई रुखमाची मैत्रीण. तिचं मन होतं का माझ्या अंगानं जा. पण नहराचं पाणी तिच्या बांधीले भोजराजच्या शेतातूनच येय. तोंड उघडलं तर उद्या पाणी बंद. म्हणून ती गुपचूप होती. पण त्या दिवशी तिनं रुखमाले हात धरून वर काढलं अन् म्हणे, "माझ्या जावयानं सांगतलं होतं वो. आता नवा कायदा आहे म्हणे. शेताच्या वाटेचं तहसीलदार पाहते. वकील लागत नाही. तालुक्याले, साकोलीले जा, एक अर्ज दे."

"माझ्या अर्जानं होते का?"

"पऱ्ह्याच्या मागं धावली तेवढी कचेरीच्या मागं धाव."

तर रुखमा दिघोरीच्या मोटरीत बसून साकोलीले गेली. कचेरीसमोर चिंचेखाली बाबूलाल अर्जनवीस बसे. पुढं टिनाची पेटी, कानाले पेन, डोळ्याले चष्मा, चष्म्याची एक दांडी सुतानं बांधलेली. माणूस मोठा हुशार, पण बोले जसं का सारे लोकं बहिरे आहे.

"वाट किती वर्षांची?"

"माझ्या लग्नाले बावीस वर्ष झाले. सासूच्या आधीपासून आहे."

"कोणी दिली?"

"केशवरावनं दिली. म्हणजे त्याच्या बापानं दिली, मंग त्यानं चालू ठेवली. देवमाणूस होता, बाबूलालजी. तो चिखलात उतरला होता माझ्यासाठी."

बाबूलालनं पेन खाली ठेवला. "बाई. हे असं बोलायचं नाही."

"काहून? खरं आहे ना."

"खरं आहे म्हणूनच नाही. दिली म्हटली का परवानगीची वाट झाली. परवानगी देणारा परवानगी काढून घेते. साहेबासमोर म्हणायचं, वाट आमची आहे, आमच्या बापदाद्याची आहे, कोणाचा उपकार नाही. समजलं? त्याच्या बदल्यात काही देत तर नव्हते?"

"बदल्यात नाही. पहिले पोहे देतो फक्त."

"मेलो!" बाबूलालनं कपाळाले हात लावला. चिंचेवरचे कावळे उडाले. "दरवर्षी?"

"दरवर्षी. नाही देऊन कसं चालन?"

"बाई, ते पोहे नाही, ती तुमच्या विरोधातली साक्ष आहे! दरवर्षी पोहे देऊन परवानगी मागत होते, असं म्हणन तो. या वर्षी एक दाणा नेऊ नका. अर्ज मी लिहितो. तुम्ही तोंड बंद ठेवा, टोपली बंद ठेवा."

रुखमानं अंगठा दिला अन् घरी आली. पण तिच्या मनाले काही बरं वाटलं नाही. अंगठ्याची शाई धुतली तरी जाय नाही.

आश्विनात हलका धान आला. थोडा होता. नाल्यानंच डोक्यावर आणला. रुखमानं पोहे कुटले. घर घमघमलं. लेकरं येऊन बसले. रुखमानं टोपली भरली, पान ठेवलं, अन् टोपली तशीच कोनाड्यात ठेवून दिली.

"खाऊ का, माय?" पोरगी म्हणे.

"थांब."

एक दिवस गेला. दुसरा गेला. पोहे टोपलीत, लेकरं टोपलीसमोर, अन् परसराम दारात. तो म्हणे, "बाबूलालनं नाही म्हटलं ना? मंग खाऊ दे पोराइले."

"धुऱ्याचे दिल्याशिवाय कसे खातीन?"

"धुऱ्यावर तर काटे आहे!"

"काटे पोरानं टाकले. वाट बापानं राखली. बापाचे पोहे मी पोराच्या काट्यापायी बुडवू का?"

"केस हारशीन."

हारायची भीती रुखमाले नव्हती असं नाही. लई होती. दोन बांध्या गेल्या तर लेकरं काय खातीन? पण तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, टोपली पदराखाली घेतली, अन् शकुनबाईच्या घरी मागच्या दारानं गेली.

शकुनबाई आता थकली होती. डोळ्यानं कमी दिसे. पण वासानंच ओळखलं. "रुखमा आली का वो? मले वाटलं या वर्षी तू येत नाही."

"मले बी तसंच वाटलं होतं, बाई."

शकुनबाईनं पोह्यावर हात फिरवला. म्हणे, "टोपली राहू दे. उद्या दिवस चांगला नाही, परवा पाठवतो." रिकामी तर ती देणार नव्हती, अन् घरात त्या वक्ती हाताले काही लागलं नाही.

पण परवाच्या आधीच तहसीलदार साहेब जागा पाहायले मोक्यावर आले. जीपगाडी धुऱ्यापर्यंत येतच नव्हती, ती कोतवालानं गावातच उभी करवली. साहेब जवान होते, डोळ्यावर काळा चष्मा, मागं कचेरीचा बाबू, त्याच्या हातात एक जाडं पुस्तक. बाबूलाल बी साकोलीवरून आला होता. सारं गाव धुऱ्याशी जमा झालं. बायका एका अंगाले, माणसं एका अंगाले. उशिराचा भारी धान पिकून पिवळा झाला होता, रुखमाच्या बांधीतला बी. लोंब्या खाली टेकल्या होत्या. आठ दिवसांत कापला नाही तर झडून जाणार.

साहेबानं काटे पाहिले. धुरा पाहिला. म्हणे, "भोजराजजी, हा धुरा एवढासाच आहे का पहिल्यापासून?"

"हो साहेब. अन् साहेब, वाट नाहीच इथं, वाट नाल्यानं आहे. माझ्या वडिलांनी दयेनं जाऊ दिलं होतं. हक्क नाही. पुरावा आहे माझ्याजवळ."

असं म्हणून त्यानं नोकराले खूण केली, अन् नोकरानं काय आणलं? रुखमाची टोपली! पळसाचं पान तसंच वर.

"पाहा साहेब. दरवर्षी ह्या परवानगीसाठी पोहे आणतात. या वर्षी अर्ज दिल्यावर बी आणले. हक्क राहिला असता तर आणले असते का?"

बाबूलालनं जे काही कपाळावर मारून घेतलं, त्याचा आवाज नाल्यापर्यंत गेला असंन. परसराम झाडामागं गेला. कुंताबाई पुटपुटली, "घ्या, झालं वाटोळं."

साहेबानं चष्मा काढला. "बाई, ही टोपली तुमची?"

"हाव, साहेब."

"पोहे कशासाठी दिले? खरं सांगा."

रुखमानं बाबूलालकडे पाहिलं. बाबूलाल मान हलवून राहिला होता, नाही म्हण, नाही म्हण. मंग तिनं भोजराजकडे पाहिलं. अन् मंग त्या जागेकडे, जिथं बावीस वर्षांआधी केशवराव घुडघाभर चिखलात उभा होता.

"साहेब," ती म्हणे, "वाट याच्या आज्यानं दिली, बापानं राखली. मी खोटं कशी बोलू? मी नवी नवरी होती, डोक्यावर भारा होता, तर तो माणूस माझ्यासाठी चिखलात उतरला. मी त्याचा उपकार नाही म्हटला तर माझं तोंड मलेच पाहवणार नाही. पोहे मी त्याचेच देतो. परवानगीचे नाही. पण तुम्हाले तसं वाटलं तर तसं लिहा. फक्त एवढं सांगा, माझा धान मी घरी कशी आणू?"

साहेब काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"माझे पोहे कोणी उचलले?"

शकुनबाई! काठी टेकत, नातीचा हात धरून आली होती. आयुष्यात कधी लोकांत बोलली नव्हती ती बाई.

"माय, तू कायले आली उन्हात?" भोजराज धावला.

"माझे पोहे अजून देवाले दाखवले नाही, अन् तू कचेरीले दाखवून राहिला? लाज वाटते का? साहेब, कुठं आहे साहेब? हा का? ऐक बाबा. हिनं पोहे आणले तर ती परवानगी होते म्हणते हा. अन् मी हिच्या टोपलीत वीस-बावीस वर्ष लाखोरी टाकली, ते काय होते? हिच्या बांधीतून आमच्या शेतात पाणी येय. त्याची परवानगी आम्ही हिले कधी मागितली? नहर आला तर हा पोरगा बोडीचं पाणी विसरला. मी आंधळी झाली, पण मले याद आहे."

बायकांमधून एक जण म्हणे, "बोल वो शकुनमाय!" अन् सारे हासले.

साहेबानं हसू दाबलं. "भोजराजजी, तुम्ही म्हणता वाट नाल्यानं आहे. चला, दाखवा ती वाट."

भोजराजचा चेहरा उतरला. कुंताबाईले आता राहवलं नाही. पाणी जाते तर जाओ, म्हणे, अन् पुढं झाली. "साहेब, भोजराजभाऊच्या डोक्यावर एक भारा द्या ना. रिकाम्यानं कोणी बी जाईन. आमच्या वाटा डोक्यावर भारा ठेवून मोजायच्या राहते."

साहेबानं भारा नाही दिला. पण स्वतः बूट काढले, पँट वर केली, अन् नाल्यानं गेले. पावसाळ्यानंतरचा नाला, पाणी कमी, पण चिखल असा का पाय आत गेला का निघायचं नावच घेत नाही. अर्ध्या घंट्यानं रुखमाच्या बांधीत पोचले. पायापासून मांडीपर्यंत काळे. तिथं उभं राहून पिकलेला धान पाहिला. एक लोंबी हातावर चोळली. मंग काट्यापाशी परत येऊन बाबूले म्हणे, "ते कलम वाचा. मोठ्यानं वाचा."

बाबूनं पुस्तक उघडलं. त्याची भाषा कोणाले समजली नाही. तर साहेबच सांगू लागले. "ऐका सगळे. सहासष्ट सालचा जमिनीचा कायदा आहे हा. यात लिहिलं आहे, शेताच्या धुऱ्यावरून वाटेचा दावा आला तर तहसीलदारानं चौकशी करावी. अन् काय पाहावं? शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला-यायला वाजवी वाट लागते, ती गरज पाहावी. बाईंनी खरं सांगितलं. वाट कोणाच्या भलेपणानं मिळाली. चांगली गोष्ट आहे. पण भलेपणा मेला तर वाटही मरावी, असं हा कायदा म्हणत नाही. मला पोहे मोजायचे नाहीत. बाईचा धान घरी कसा येईल, एवढंच पाहायचं आहे. तिनं तेच विचारलं."

रुखमाले वाटलं, आपण ऐकून राहिलो ते खरं आहे का? कोणत्या तरी दूरच्या माणसानं, जो आपल्या गावाले कधी आला नाही, आपली बांधी पाहिली नाही, त्यानं पुस्तकात लिहून ठेवलं का शेतकऱ्याले शेतात जायले वाट लागते. त्याले कसं मालूम पडलं?

साहेबानं तिथंच सांगतलं, काटे आज निघतीन. हुकूम लेखी येईन. धुरा दोन हाताचा, जसा होता तसा, छाटला त्यानं भरून द्यायचा. एक हात भोजराजच्या अंगानं, एक कुंताबाईच्या. कुंताबाई म्हणे, "माझ्या अंगानं दीड घ्या!" अन् नहराचं पाणी कोणी अडवन तर मले कळवा, असं साहेबानं तिलेही सांगतलं.

काटे भोजराजच्या नोकरानं उचलले. शकुनबाई काठी टेकून तिथंच उभी होती. शेवटची फांदी निघेपर्यंत हालली नाही. मंग नातीले म्हणे, "दे टोपली रुखमाले." टोपलीतले पोहे तिनं पदरात घेतले अन् टोपलीत तीच बाभळीची एक शेंग टाकली, खाली पडलेली. "आज हेच आहे हाताजवळ. रिकामी नको."

तीन दिवसांत सारा धान घरी आला. सारं गाव आलं कापायले. धुरा अजून अरुंदच होता, तर कुंताबाईनं आपल्या अंगानं लाकडाचे पाटे टाकून दिले. शेवटचा भारा आणतांनी रुखमा त्या जागेवर थांबली, जिथं केशवराव उतरला होता. भारा डोक्यावर होता म्हणून हात जोडता आले नाही. नुसती उभी राहिली.

हुकूम फागुनात आला. पुढच्या दसऱ्याले रुखमानं पोहे कुटले ते दोन टोपल्या. एक शकुनबाईची. त्या वर्षी पोहे देतांनी तिले एक नवं वाटलं. आतापर्यंत दरवर्षी देतांनी पोटात एक बारीक भीती राहे, घेतीन का, वाट राहीन का. या वर्षी ती भीतीच नव्हती. भीती गेल्यावर मालूम पडलं का ती होती. आता नुसतंच द्यायचं होतं.

दुसरी टोपली घेऊन ती मोटरीनं साकोलीले गेली. पण त्या साहेबाची बदली झाली होती. नवे साहेब म्हणे, "बाई, सरकारी माणसाला असं काही घेता येत नाही."

"बरं, मंग ज्यानं ते कलम लिहिलं त्याच्या घरी नेऊन देतो. कुठं राहते तो?"

साहेब हासले. "एक माणूस नाही, बाई. खूप लोकं बसून कायदा करतात. मुंबईत."

"सारेच्या सारे शेतकरी होते का?"

"असतील काही."

रुखमा बाहेर आली. चिंचेखाली बाबूलाल होताच. त्याच्या आजूबाजूले आठ-दहा माणसं, बाया, हातात कागद घेऊन बसलेले. कोणाचा धुरा, कोणाची पांदण, कोणाची आणखी काही. कोणी सकाळपासून, कोणी कालपासून. रुखमानं त्याइच्याकडे पाहिलं. मंग खाली बसली, पळसाचं पान काढलं, अन् एकेकाच्या हातावर मूठमूठ पोहे ठेवत गेली.

"कायचे पोहे, बाई?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"वाटेचे. खा. तुमचीबी निघन."

बाबूलालनं दोन मुठी खाल्ल्या. मिशीले लागलेले पोहे पुसत म्हणे, "बाई, चाळीस वर्ष अर्ज लिहून राहिलो. तुमच्यासारखा उलटा अशील नाही पाहिला. मी म्हटलं हे बोलू नका, तुम्ही तेच बोलल्या. मी म्हटलं नेऊ नका, तुम्ही नेले. अन् जिंकल्या."

"मी कुठं जिंकली? धान घरी आला."

ती उठली तर बाबूलाल म्हणे, "थांबा. टोपली रिकामी चालली." त्यानं पेटीतून एक कोरा कागद काढला. कानाचा पेन घेतला. मोठ्या मोठ्या अक्षरात त्या कलमातली तीच ओळ लिहिली, शेतकऱ्याच्या गरजेची, अन् घडी करून टोपलीत ठेवली. पैसे घेतले नाही.

रुखमाले वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद धानाच्या ढोलीत ठेवला, अगदी तळाशी, अन् वर्षानुवर्ष त्याच्यावर नवा धान ओतत गेली. सत्त्याऐंशी सालापर्यंत ती त्या धुऱ्यावरून चालली. शेवटी शेवटी डोक्यावर भारा हलका राहे, पण राहे. भोजराज बोलत नव्हता तिच्याशी लई वर्ष. एका रोवण्यात मात्र तो समोरून आला, हातात सायकल. रुखमाच्या डोक्यावर पऱ्हे. दोघंही थांबले. भोजराजनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, अन् सायकलीसकट चिखलात उतरला.

"जा वो काकी, लौकर जा. सायकल डुबून राहिली माझी."

रुखमा म्हणे, "चालतो, बापू. पाय जमवून उभा राहा, इथं घसरते."